सुजेला आम्ही बाळसं म्हणालो

दादा घरी पोचायच्या आधी त्याचा वास घरी पोचायचा. पेट्रोल, ऑइल, विडी आणि त्यावर घासलेला कपड्यांचा साबण. माझा हा थोरला भाऊ कापूरहोळच्या फाट्यावर एका गॅरेजात मिस्त्री होता. आमचं घर वरव्यात. रोज सायकलवरून ये-जा करायचा. घरात आई, वहिनी आणि त्यांची एकुलती एक, पाच वर्षांची पोर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पासलीच्या शाळेत शिकवत होते आणि तिथंच एका खोलीत राहत होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की वेल्ह्यापर्यंत पायपीट, तिथून एसटीनं नसरापूर, आणि पुढं जे मिळेल ते. त्यामुळं घरात आठवडाभर जे घडे ते मला एकदम, ढिगानं कळायचं.

दादाचं काम मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इंजिनचे सुटे भाग पत्र्याच्या घमेल्यात पेट्रोल ओतून तो हातांनी धुवायचा, तेही मागच्या बंद खोलीत, कारण बाहेर धूळ. टाकीतलं डिझेल काढायचं तर रबरी नळीचं टोक तोंडात धरून ओढायचं, तोंडात आलं की थुंकायचं आणि चव जावी म्हणून विडी पेटवायची. एवढं करून हा माणूस पेटला कसा नाही, असं मी त्याला म्हणायची. तो म्हणायचा, "मास्तरीणबाई, तुमी खडूचा भुगा खाता, आमी डिझेल पितो. पोटं दोगांची बी भरत्यात." माझ्या नोकरीचा त्याला माझ्याहून जास्त अभिमान होता, आणि तो लपवायला तो मला सतत चिडवायचा.

दुष्काळ नुकताच सरला होता. त्या साली भात बरं आलं होतं. दिवाळीनंतरच्या एका सकाळी दादा अंगणात खोकला आणि त्याच्या तोंडातून लालभडक काहीतरी मातीत पडलं. वहिनीनं विचारलं तर म्हणाला, पान खाल्लंय. दादानं आयुष्यात पान खाल्लं नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. चार-पाच दिवस त्यानं ते पान घरभर लपवलं. मग एक दिवस गॅरेजातच भळाभळा रक्त पडलं आणि मालकानं त्याला उचलून भोरच्या एका डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढवला. दोन्ही बाजूंना धुरकट डाग. थुंकी तपासली, तीत जंतू सापडले नाहीत. पुन्हा तपासली, पुन्हा नाहीत. "सापडले नाहीत म्हणजे नसतातच असं नाही," डॉक्टर म्हणाले. रक्त पडतंय, माणूस वाळलाय, पांढराफटक पडलाय, फोटोत डाग आहेत, म्हणजे क्षयच. मी त्यांना आजही दोष देत नाही. आमच्या डोंगरपट्ट्यात रक्त थुंकणाऱ्या माणसाला क्षय असायचा, आणि बहुतेकदा तो खराच असायचा. गारठ्यात दात वाजणाऱ्याला हिवताप म्हणावं, तितकं ते सरळ होतं. रोज एक सुई, मूठभर गोळ्या, दूध-अंडी-मटणाचं पाणी, आणि एक ताकीद: घरातल्यांनी, विशेषतः लहान लेकरांनी, जवळ जायचं नाही.

आईनं ती ताकीद डॉक्टरांच्याही पुढं नेली. तिचा धाकटा दीर, म्हणजे माझा चुलता, क्षयानं घरातच गेला होता आणि वर्षाच्या आत चुलतीलाही घेऊन गेला होता. ते आई विसरली नव्हती. आमच्या वाट्याच्या शेताच्या तुकड्यावर खळ्याच्या कडेला एक खोपी होती, कुडाची, वर पेंढा. आईनं ती सारवून घेतली, आत बाज टाकली, आणि दादाची रवानगी तिकडं झाली. त्याची जर्मनची ताटली वेगळी, तांब्या वेगळा, थुंकायला राखेचा डबा. जेवण खळ्याच्या कडेला ठेवायचं, मागं सरायचं, मग त्यानं येऊन उचलायचं.

हे सगळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात शिवाशीव हा शब्द उच्चारायला बंदी होती. लहानपणी ओंजळीत वरून पाणी ओतून घेतलेली माणसं आम्ही. गावच्या विहिरीपासून लांब, कुणी भरून देईल याची वाट बघत घागरी घेऊन बसलेली माझी आई मी पाहिली आहे. आणि आता तीच आई आपल्या पोटच्या पोराचं ताट जमिनीवर ठेवून मागं सरत होती. मी म्हणाले, "आये, ही कुठली रीत? गावानं आपल्याला केलं तेच आपुन दादाला करायचं?"

आई शांतपणे म्हणाली, "गावानं केलं ते तिरस्कारानं. म्या करते ते पोरीसाठी. तुला पोर झाली की बोल."

दादानंच आईची बाजू घेतली. खोपीतून ओरडून म्हणाला, "आये बरूबर बोलती. पोरीला संबाळा. मला काय, हितं राजावानी हाय, हवा हाय, गॅरेजचा मालक बी नजरंला पडत न्हाई!"

खळ्याच्या कडेला दगडांची एक ओळ होती. पोर त्या ओळीपाशी येऊन बसायची. बापाचा लळा भारी. पहिल्या दिवशी ती धावत आत गेली तर दादा असा खेकसला की ती भोकाड पसरून परत फिरली. त्याआधी त्यानं तिच्यावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. "बरं झाल्यावर ये जवळ," असं तो तिला लांबूनच सांगत राहिला, आणि हळूहळू तिला वळण लागलं. दगडांच्या अलीकडं ती, पलीकडं तो. ती बोरं भिरकावायची, तो झेलायचा. तो मात्र तिला काही द्यायचा नाही. त्याच्या हातचं तिच्या हातात जाता कामा नये. पोरगी शहाणी, चार दिवसांत सगळं शिकली. पुढं तर मीच विसरून ओलांडून गेले तर मला दटावायची, "आत्या, मागं हो!"

वहिनीचं काय झालं ते ती कधीच बोलली नाही. लग्नाला सहा-सात वर्षं झालेली बाई. भाकरी ठेवायला जायची ती तिथंच घुटमळायची, म्हैस सुटली, गवत राहिलं, असं काहीबाही कारण काढून. दादाही कारणं पुरवायचा. दोघांमध्ये दहा-बारा पावलांचं खळं, आणि सगळं बोलणं ओरडून. ओरडून काय काय बोलता येतं? भाकरीत मीठ कमी आहे एवढंच.

आणि म्हणूनच आमचा घात झाला. माणूस घरात असला की त्याचं सगळं दिसतं. कधी उठला, किती वेळा बाहेर गेला, लुगड्याखाली दडवलेलं दुखणंसुद्धा घरच्या बायकांना कळतं. दादा बांधापलीकडं लघवीला जायचा, एकटा. ती चहाच्या रंगाची झालीय हे त्याला पहिल्यापासून दिसत होतं. पण सांगायचं कुणाला? आईला असलं सांगायला लाजायचा, वहिनीला सांगायचं तर ओरडून, म्हणजे अर्ध्या गावाला. मग त्यानं आडून सांगितलं, "आये, जरा उनाळी लागल्यागत झालंय."

उन्हाळी म्हणजे लघवीला जळजळ, आणि तीही थंडीच्या दिवसांत! पण आईकडं उत्तर तयार. "सुया लई उष्ण असत्यात. म्हनूनच." रात्री धने-जिरे भिजत घालून सकाळी त्याचं पाणी, दुपारी सब्जा, संध्याकाळी पुन्हा पाणी. तांब्या तांब्या पाणी. दादा निमूटपणे प्यायचा. आत गेलेलं ते पाणी बाहेर पडत नव्हतं, हे फक्त त्यालाच ठाऊक, आणि त्यालाही ते दुखणं वाटत नव्हतं; उष्णता अजून उतरायची आहे, एवढंच वाटत होतं.

पुढच्या एका शनिवारी मी आले तर घरात सण असल्यासारखं वातावरण. आई मला हाताला धरून खळ्यावर घेऊन गेली. "बग, बग तुजा दादा. सुया लागू पडल्या."

खरंच, दादाचे गाल भरले होते. बसलेले डोळे वर आले होते. महिन्याभरापूर्वीचा चिपाड झालेला माणूस चांगला गुबगुबीत दिसत होता. क्षयाच्या माणसानं अंग धरलं की तो वाचला, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून म्हणत होती, "अंगावर आलाय गडी! दूध-अंडी लागली." वहिनी नवी साडी नेसली होती. तिनं मला सांगितलं, "ह्यांचं पाय वहानांत मावना झाल्यात." ते ऐकून सगळे हसले. "दुदानं पाय बी वाडलं का काय?" म्हणून आईनंही थट्टा केली. दादा हसला, पण एक वाक्य बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

त्या संध्याकाळी आईनं मीठ-मिरच्या ओवाळून दादाची दृष्ट काढली. दीक्षेनंतर आमच्या घरात दृष्ट काढणं बंद झालं होतं. वडील असते तर त्यांनी मिरच्या आईच्या हातातून घेऊन फेकल्या असत्या. ती दगडांच्या ओळीपाशी उभी राहून, लांबूनच हात फिरवत होती, आणि मी अडवलं नाही. तिला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

पुढचा शनिवार यायच्या आतच मला शाळेत निरोप आला. दादाला पहाटेपासून उलट्या, उचकी थांबेना, धाप लागून आडवं होता येईना, आणि रक्त पुन्हा सुरू. फाट्यावरचा एक ट्रकवाला, ज्याची गाडी दादानं कैकदा दुरुस्त केली होती, दादाला घेऊन पुण्याकडं निघाला होता. मी थेट पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पोचले तेव्हा आई आणि वहिनी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, एकमेकींपासूनही लांब.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी दादाच्या नडगीवर अंगठा दाबला. काढला, तर तिथं खळगा तसाच राहिला, कणकेत बोट रुतावं तसा. मग त्यांनी आमच्याकडं वळून विचारलं, "लघवी किती होते?"

कुणाला माहीत नव्हतं. तो किती खातो, किती खोकतो, राखेच्या डब्यात किती पडतं, सगळं आम्हाला तोंडपाठ होतं. हे एक नव्हतं. शेवटी दादाच धापा टाकत म्हणाला, "परवाधरनं न्हाईच. त्याआधी चार थेंब. चहावानी." वहिनीनं पदर तोंडात कोंबला.

दोन दिवस त्यांनी रक्त तपासलं, मोठमोठी पुस्तकं पाहिली, वरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. मग मला बाजूला घेतलं, शिकलेली म्हणून. म्हणाले, हा क्षय नाही. फार क्वचित होणारा रोग आहे, त्यांनीही पुस्तकातच वाचलेला. कुणा परदेशी डॉक्टरच्या नावानं तो ओळखला जातो. ते नाव तेव्हा मला धड म्हणता आलं नाही. शरीरातली जी ताकद बाहेरच्या रोगाशी लढायची, तीच आपल्या मूत्रपिंडांवर आणि फुप्फुसांवर उलटते. राखणीचा कुत्रा घरच्याच माणसाला चावावा तसं. फुप्फुसातून रक्त पडतं म्हणून सगळे छातीकडं बघत बसतात, आणि तेवढ्यात मूत्रपिंडं संपतात. अंगावर जे चढलं होतं ते मांस नव्हतं, साचलेलं पाणी होतं.

"विडी ओढतो का? पेट्रोलमध्ये काम करतो का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्या वासानं, त्या धुरानं फुप्फुसं कमजोर होऊन रक्तस्राव वाढत असावा, असं ते म्हणाले. पण खात्रीनं कुणालाच सांगता येत नव्हतं. पोटात नळी घालून पाणी आतबाहेर करून त्यांनी रक्त धुवायचा प्रयत्न केला. जबर औषधं दिली. रक्त धुण्याचं यंत्र मुंबईला होतं, पण तिथवर नेण्याच्या अवस्थेत तो नव्हता.

पुढं पुष्कळ वर्षांनी मी मूत्रपिंडाच्या एका डॉक्टरांना हा सगळा प्रकार सांगून विचारलं होतं, काय केलं असतं म्हणजे वाचला असता? त्यांनी समजावून सांगितलं. या रोगात माणूस दारात येतो तेव्हा त्याच्या मूत्रपिंडांत किती जीव शिल्लक आहे, यावर बहुतेक सगळं अवलंबून. लघवी चालू असताना आला आणि रोग ओळखला तर आशा असते. बंद पडल्यावर ती मूत्रपिंडं सहसा परत फिरत नाहीत, मग यंत्रावर जगायचं. रक्तातला तो उलटलेला भाग हल्ली गाळून काढता येतो, तेव्हा आपल्याकडं ते नव्हतंच. विडी आधी सुटली असती तर छाती कदाचित इतकी बिघडली नसती. मी सगळं ऐकून घेतलं आणि उठले. आत्याबाईला मिशा असत्या तर, असल्या हिशोबाचा मला राग येतो. चहाच्या रंगाची लघवी पहिल्या आठवड्यात एका माणसानं पाहिली असती, तर या सगळ्या जर-तरला काही अर्थ होता. आणि ती पाहणारी बाई आम्ही खळ्यापलीकडं उभी केली होती. हे मी शांतपणे लिहिते आहे, पण मला आजही शांतपणे वाटत नाही.

त्या दिवशी वॉर्डातले तरुण डॉक्टर बोलायचे थांबले तेव्हा वहिनी माझ्या मागं येऊन उभी होती, हे मला कळलं नव्हतं. तिनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला.

"म्हंजी ह्यास्नी हात लावल्याला चालतुया?"

"हो. हा लागणारा रोग नाही."

"आत्ता चालतुया, का पयल्यापासनं चालत व्हतं?"

डॉक्टर म्हणाले, "पहिल्यापासून."

वहिनी आत गेली, खाटेवर चढून दादाच्या पायांशी बसली आणि ते सुजलेले पाय तिनं मांडीवर घेतले. खाटेवर बसायला मनाई होती. नर्सबाईनं पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं. आई मात्र दारातच थबकली. तिच्या हातांना काही सुचत नव्हतं. ती नुसतं म्हणत राहिली, "म्या त्याचं ताट भुईवर ठिवलं गं."

"आये," दादा म्हणाला, "गप. पोरीला आना."

मी स्वारगेटवरून मिळेल त्या एसटीनं वरव्याला गेले आणि शेजारणीकडं ठेवलेल्या पोरीला घेऊन दुसऱ्या दिवशी परतले. सगळ्या वाटेत मी तिला समजावत होते. तुझ्या बाबांचा रोग वेगळाच निघाला, जवळ गेलं तरी काही होत नाही, त्यांना तुला मांडीवर घ्यायचंय. ती खिडकीतून बाहेर बघत मान हलवत होती. लहान मुलांना आत सोडत नसत, पण तरुण डॉक्टरांनी स्वतः तिला हाताला धरून आत आणलं.

दादा उशांना टेकून बसला होता. चेहरा इतका सुजला होता की डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या, पण तिला पाहून तो हसला. हात पुढं केला. "ये."

ती खाटेपासून पाच-सहा हात अंतरावर थांबली. डॉक्टर म्हणाले, जा. मी म्हणाले, जा बाळा. वहिनी म्हणाली, "जा की गं, तुजं बाबा हायती." तिनं आमच्या एकेकाकडं असं पाहिलं, जणू आम्ही सगळे मिळून तिला काहीतरी वाईट करायला लावतो आहोत. मग आम्हाला सोडून तिनं बापाकडं पाहिलं, कारण तिच्या लेखी याबाबतीत खरं बोलणारा तोच एक माणूस होता.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "तुमी बरं झाल्यावर. तुमीच म्हनला व्हता."

वहिनीनं उठून तिला उचलायचा प्रयत्न केला, तर पोर किंचाळली. दादानं हातानंच थांबवलं. ओढूनताणून श्वास गोळा केला.

"ऱ्हाऊ द्या. भिववू नका तिला," तो म्हणाला. मग तिला म्हणाला, "व्हय बाय. बरं झाल्यावर."

तिचं समाधान झालं. दोन्ही हात पाठीमागं बांधून ती तिथंच उभी राहिली आणि गावाकडं म्हैस व्यायल्याचं त्याला सांगू लागली, खळ्यावर बोलायची तशीच, मोठ्यानं ओरडून. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.